आपोआप मिटणारे खण

३ तारीख, सोमवार

सगळ्यांत आधी आली ती शिंपीणबाई. हातात माझ्या उशीच्या खोळी होत्या, पण खोळी काही इतक्या सकाळी आणून देण्यासारखी वस्तू नाही. मी लगेच ओळखलं, हिच्या पोटात काहीतरी आहे. तिच्या मागोमाग दूधवाला आला, मग नळवाला आला, आणि माणूस आत आलं की ती आपली खोळीची शिवण बघत बसायची, जणू ती तिने नव्हे, दुसऱ्याच कुणी घातलीय. दोघे गेले तशी म्हणाली, "आजी, तुमची थोरली मोठी करवत विकतेय."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"घेणाऱ्याच्या बायकोचे पडदे माझ्याकडे आहेत शिवायला."

आता पडद्यांपुढे काय बोलणार? खरंच असणार. महिन्याच्या शेवटी तो टेम्पो घेऊन येणार म्हणे. करवत म्हणजे ते टेबलाएवढं विजेवरचं धूड, ती गेली की दुकानात उरतं काय, चार टेबलं आणि भुसा. थोरली मग कुठल्याशा कंपनीत लागणार, लांब, तिकडेच राहायला जाणार. शिंपीणबाईला तिच्या खोलीचं भाडंसुद्धा माहीत होतं, पण मी विचारलं नाही. तिला फार वाईट वाटलं मी विचारलं नाही याचं.

दुकान माझ्या मुलाचं. तो गेला, तेव्हापासून त्याच्या दोन्ही मुली चालवायच्या. माझ्या नाती म्हणून म्हणत नाही, पण लाकडात हात असा की बघत राहावं. थोरली कपाटाची पेटी, म्हणजे बाहेरचा सांगाडा, करायची आणि धाकटी आतले खण. त्यानेच तसं लावून दिलं होतं लहानपणापासून. एकीला दोन्ही कामं शिकव म्हटलं तर हसायचा नुसता. मग त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटाचं झालं. खण मिटेनात. बाई समोर उभ्या, आणि थोरली म्हणाली, "खण फुगलेत." धाकटी म्हणाली, "पेटी आत ओढलीय." एवढंच. गिऱ्हाइकासमोर बोलल्या ते झोंबलं दोघींना, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. धाकटीने आपली हत्यारं उचलली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गॅरेजच्या कोपऱ्यात काम करते. सूनबाई, म्हणजे त्यांची आई, एक रविवार हिच्याकडे जेवते, एक रविवार तिच्याकडे, आणि इकडचं तिकडे एक अक्षर नेत नाही. मला असं जमलं नसतं. माझं पोट दुखलं असतं.

शिंपीणबाई गेल्यावर सूनबाई बराच वेळ एकच पातेलं पुसत होती. मी म्हटलं, "पुरे, त्याला भोक पडेल."

अंघोळ करताना मला युक्ती सुचली. मला सगळं पाण्याखालीच सुचतं.


४ तारीख, मंगळवार

युक्ती अशी. माझ्या खोलीतलं जुनं कपाट आहे ना, त्याचा वरचा खण ओढायला दोन्ही हात आणि एक पाय लागतो, आणि मग एकदम सुटतो तो मांडीवरच येतो. तर मला नवीन कपाट पाहिजे. चार खणांचं. आपोआप मिटणारे खण, शिंपीणबाईच्या मुलीकडे आहेत तसले. पेटी सांगायची थोरलीला, खण सांगायचे धाकटीला, आणि एकीलाही दुसरीचं नाव कळू द्यायचं नाही. नाव ऐकलं की दोघी नाही म्हणणार, मी ओळखून आहे त्यांना. एकदा का वस्तू तयार झाली की बसवायला दोघींना एका खोलीत यावंच लागेल. पुढचं पुढे.

आधी थोरलीला फोन केला. ती म्हणाली, "करते की. खण कोण करतंय?"

मी म्हटलं, "आहे एक कारागीर."

"ओळखीतला?"

"तसा लांबचा."

मग म्हणाली, "त्या लांबच्या कारागिराचा खोकला गेला का?"

मी म्हटलं, "गेला, आता बरं आहे," आणि फोन ठेवला. थोरलीचं मन मोठं, अनोळखी माणसाचीही चौकशी करते.

मग धाकटीला केला. तिला सांगितलं पेटी बाजारातून आणतेय. ती म्हणाली, "बाजारातून? बरं. बाजाराला सांग, वेळेवर जेवत जा म्हणावं." ही अशीच बोलते काहीतरी, लहानपणापासून. लक्ष द्यायचं नाही.

सूनबाईला सगळं सांगितलं. म्हटलं, "हूं की चूं करायचं नाही." ती म्हणाली, "मी कशाला करतेय," आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते तिचे. सर्दी झाली असेल.


८ तारीख, शनिवार

थोरली माप घ्यायला आली. बारीक झालीय. भिंतीला टेप लावला, कोपऱ्यात गुण्या लावला, म्हणजे तो लोखंडी काटकोन असतो ना तो, आणि मान हलवून म्हणाली, "आजी, तुझी भिंत तुझ्यासारखी आहे."

"म्हणजे?"

"वरून सरळ दिसते."

मी तिच्या पाठीत एक हलकी थाप घातली.

तिने चॅनल आणले होते दाखवायला. चॅनल म्हणजे खण ज्यावर पळतो त्या लोखंडी पट्ट्या. पूर्वी त्या खणाच्या बाजूला दिसायच्या, काळ्या मिट्ट तेलकट. आता त्या खणाच्या खाली लपतात. खण उघडला तरी नुसतं लाकूड दिसतं आणि खाली कुणीतरी उचलून धरल्यासारखं चालतं. मिटताना शेवटी हळू होतो आणि आपोआप आत जातो. मी चॅनल हातात घेऊन आत-बाहेर, आत-बाहेर करत बसले. थोरली म्हणाली, "आजी, ते खेळणं नाही." मी म्हटलं, "मग एवढं छान कशाला केलंय?"

तिने समजावलं की हे चॅनल फार मानी असतात. जुने पाव इंच इकडेतिकडे चालवून घ्यायचे. हे नाही घेत. पेटीची आतली रुंदी ठरलेली, त्यातून ठराविक वजा करून खण, त्यात केसभरही चूक नको. मग एका कागदावर आकडा लिहून दिला. म्हणाली, "तुझ्या लांबच्या कारागिराला दे. मी पण हाच धरणार, त्याने पण हाच धरायचा. आणि फुगवू नको म्हणावं."

"म्हणते."

"राहू दे. नको म्हणूस. नुसता कागद दे."

चहा अर्धा टाकून गेली. तिच्या बाबाचं हेच होतं. मी करवतीचं काही विचारलं नाही. विचारणार होते, पण तिनेच जाताना दाराच्या चौकटीवर हात फिरवला, बापाने केलेली आहे ती, आणि मी तिचा अर्धा कप घेऊन आत गेले.


१२ तारीख, बुधवार

धाकटी आली, कागद घेऊन गेली. कागदावरचं अक्षर बघून म्हणाली, "बाजाराचं अक्षर छान आहे." मी म्हटलं, "छापील असेल." थोरलीचं अक्षर मोठं वळणदार आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, घाम फुटला मला. पण धाकटीने कागद घडी करून खिशात घातला. सुटले.

तिने खणाचा एक कोपरा नमुना म्हणून आणला होता. दोन फळ्या एकमेकींत बोटं गुंतवल्यासारख्या. मी ओढून बघितल्या, सुटतात का. ती म्हणाली, "ओढ, ओढ, अजून जोर लाव." सुटल्या नाहीत.

मग खाली फरशीवर बसून मला दाखवत होती. खणाचा तळ खालच्या कडेला टेकवायचा नाही, अर्धं बोट वर धरायचा, म्हणजे त्या पोकळीत चॅनल लपतो. मागच्या बाजूला दोन कोपरे कापायचे आणि दोन भोकं पाडायची, त्यात चॅनलचा हूक अडकतो. पुढे खाली दोन केशरी क्लिपा लावायच्या, त्या चॅनलला धरतात. सगळं जुळलं तर कट्ट असा आवाज येतो. नाही जुळलं तर नाही येत.

"आणि पेटी लहानमोठी झाली तर?"

"तर काही खरं नाही," ती म्हणाली. "आणि ती होते. आत ओढलेली असते दरवेळी. फळ्या चिकटवताना दाबून दाबून क्लॅम्प लावायची सवय आहे ना."

"बाजाराला?"

"हो. बाजाराला."

मी म्हटलं, "तिकडे गॅरेजमध्ये जमतं का गं तुझं?" ती म्हणाली, जमतं, फक्त मोठी फळी कापताना पंचाईत. हातातल्या करवतीने शेवटाला वाकडी जाते. "बाबांच्या मोठ्या करवतीवर कसं, फळी ठेवली की विचार करायला नको." मग नमुन्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. "आई म्हणत होती ती विकली जातेय." म्हणजे सूनबाईने एक अक्षर नेलंच की! संध्याकाळी विचारलं तर म्हणते, चुकून निघून गेलं तोंडातून.


१७ तारीख, सोमवार

कंबर धरली होती, म्हणून लिहिलं नाही. शिंपीणबाई रोज येते शेकायला पिशवी घेऊन आणि त्या निमित्ताने बसते. तिला युक्ती सांगितली. पोटात राहत नव्हती. ती म्हणाली, "आजी, दोघींना कळलं तर?" मी म्हटलं, "कसं कळेल? मी बोलतेच कुठे?"

ती खाली बघून दोरा ओवत होती. सुईत दोरा नव्हताच, नंतर बघितलं मी.

घेणारा माणूस येऊन करवत बघून गेला. बरोबर बायकोही होती, पडदेवाली. पसंत आहे म्हणे.


२२ तारीख, शनिवार

कपाट आलं!

थोरली आणि टेम्पोवाला दोघांनी धरून आणलं, दारातून तिरपं करून. नुसती पेटी, चार रिकामी तोंडं उघडी. वास इतका छान की मी आत डोकं घालून उभी राहिले. थोरली म्हणाली, "आजी, निघ आता, चॅनल लावायचेत." मग गुडघ्यावर बसून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या, आठच्या आठ. आधी एकीकडे, मग दुसरीकडे, मध्ये पातळीची पट्टी लावून बघायची, तिच्यात एक हिरवं पाणी असतं आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मध्ये आला की ती श्वास सोडायची. मीही सोडायचे.

काम झालं तसं तिने हत्यारं भरली. मला उद्या तिला बोलवायचं होतं, कारण उद्या धाकटी खण घेऊन येणार. काय सांगावं सुचेना. शेवटी म्हटलं, "उद्या ये परत. कपाट डुगडुगतंय."

तिने कपाटाला हात लावला. हललं नाही. बुडबुडा बघितला. मधोमध. मला म्हणाली, "कुठे डुगडुगतंय?"

मी म्हटलं, "मधूनच डुगडुगतं. तू गेल्यावर."

"किती वाजता डुगडुगेल उद्या?"

"दहाच्या सुमाराला."

"मग यावंच लागेल," ती म्हणाली आणि गेली. बिचारी. कामात इतकी चोख की म्हातारीच्या शब्दावरही विश्वास ठेवते.

सूनबाईने दोघींच्या आवडीची बिस्किटं आणलीत, दोन वेगळ्या पुड्यांत. डब्यात घालताना आधी वेगवेगळी ठेवली, मग एकत्र केली, मग पुन्हा वेगळी केली. मी म्हटलं, "झोप आता."


२३ तारीख, रविवार

आज सगळं नीट सांगते, घाई करत नाही.

धाकटी आधी आली. खण चादरीत गुंडाळून आणले होते, बाळासारखे. कपाट बघून पुढे गेली आणि कुणाचं आहे वगैरे काही विचारलं नाही, नुसता कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला. पुन्हा फिरवला. म्हणाली, "बाजारात आता चांगला माल मिळायला लागलाय."

तेवढ्यात थोरली आली. मी तयारीतच होते. मोठ्याने म्हटलं, "अगंबाई, तू इकडे कुठे?"

"कपाट डुगडुगतंय ना."

"हो, हो, डुगडुगतंय."

धाकटी म्हणाली, "आजी, तिला सांग, बाजूला उभी राहा, मला खण घालायचाय."

थोरली म्हणाली, "आजी, तिला सांग, उभी राहायला जागा दे मग."

मी मध्ये खुर्ची घेऊन बसले होते, दोघींच्या मध्ये बरोबर. मी म्हटलं, "ऐकलं दोघींनी, मी काय परत सांगत बसू?"

धाकटीने पहिला खण उचलला, चॅनलवर ठेवला आणि मागे सरकवला. कट्ट झालं नाही. उचलून परत ठेवला. नाही. खण खाली बसेचना, चॅनलच्या वर टेकून राहिला, खुर्चीच्या काठावर अवघडून बसल्यासारखा. दुसरा घातला. तोही तसाच. तिसरा, चौथा. चारी खण उभे, आणि दोन्ही बाजूंना एवढी फट की माझ्या बोटाचं टोक गेलं असतं. गेलं, मी घालून बघितलं.

म्हटलं, झालं, डॉक्टरीणबाईंचं कपाट पुन्हा. आता ही म्हणणार फुगलाय, ती म्हणणार ओढलंय, आणि टेम्पो येणार, आणि संपलं. सूनबाई दारात ट्रे धरून उभी होती. आत येईना, बाहेर जाईना.

थोरलीने खिशातून टेप काढला आणि खण मापला. धाकटीने आपला टेप काढला आणि पेटी मापली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. थोरलीने दुसरा खण मापला. धाकटीने दुसरं तोंड मापलं. मग दोघींनी परत पहिलं मापलं. तोंडं अशी झाली होती की चोर धरायला जावं आणि त्याने आपल्यालाच खाऊ द्यावा.

थोरली म्हणाली, "आजी, तिला विचार, खण लहान का केला."

धाकटी म्हणाली, "आजी, तिला विचार, पेटी मोठी का केली."

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं?"

मग थोरली वळली आणि सरळ तिलाच म्हणाली, "कागदावर आकडा होता ना?"

"होता. तू पाळलास?"

"मी दोन एमएम जास्त सोडले." आणि जरा थांबून म्हणाली, "तुझे खण फुगतात. म्हटलं, फुगले तरी बसले पाहिजेत."

धाकटी बघतच राहिली तिच्याकडे. "मी दोन एमएम कमी धरले. तुझी पेटी आत ओढलेली असते. म्हटलं, ओढली तरी..." आणि पुढचं वाक्य राहिलंच.

शेजारच्यांचा रेडिओ ऐकू येत होता.

"म्हणजे तू मला सांभाळून घेत होतीस?" थोरली म्हणाली.

"आणि तू काय करत होतीस मग?"

"मी... तेच."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"पेटी अगदी बरोबर आहे गं," धाकटी म्हणाली. "जेवढी मोठी करायची होती तेवढीच मोठी झालीय. सगळीकडे सारखी. कुठे ओढलेली नाही."

"खणही कुठे फुगलेला नाही. चारी सारखे लहान."

आणि थोरलीच्या नाकातून तो आवाज निघाला. लहानपणी हसू दाबायला गेली की निघायचा तो, डुकराच्या पिल्लासारखा. ते ऐकून धाकटी फरशीवरच बसली पोट धरून. मग दोघीही. थांबेचनात. एक थांबली की दुसरी टेप उचलून दाखवायची आणि परत सुरू. मला त्यातलं एवढंच कळलं की दोघींनी मिळून माझं कपाट बिघडवलं आणि बिघडवून खूश झाल्या. पण मीही हसले, एकटीच गंभीर बसून काय करू? हसताना धाकटीने डोळे पुसले आणि पुसतच राहिली, तेव्हा थोरलीने तिच्या डोक्यावरचा भुसा झटकला. भुसा नव्हता खरं तर. डोकं स्वच्छ होतं.

सूनबाई ट्रे घेऊन आत परत गेली होती. म्हणाली चहा निवला, दुसरा करते. बऱ्याच वेळाने घेऊन आली. प्यायलो तर नुसतं दूध, साखर आणि पाणी, चहाची पावडरच नाही त्यात. मी बोलणार होते, पण दोन्ही मुलींनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प प्याले. सगळे पूर्ण प्याले. थोरलीनेसुद्धा कप रिकामा केला.

मग दुरुस्ती. मला वाटलं आता सगळं खोलून परत न्यावं लागणार. पण नाही. थोरली म्हणाली, चॅनलच्या मागे पट्टी घालायची, म्हणजे दोन्ही बाजूंचे चॅनल आत येतील आणि खण बसेल. धाकटी म्हणाली, "दोन एमएमची, दोन्हीकडे." थोरली म्हणाली, "तुझे दोन आणि माझे दोन." थोरलीच्या पिशवीत मायकाचे तुकडे होते, तो पातळ चकचकीत पत्रा टेबलांवर चिकटवतात ना, तो. धाकटीने दोन दोन तुकडे चिकटवून पट्ट्या केल्या, थोरलीने चॅनल सोडवून मागे घातल्या. एक धरायची, एक स्क्रू पिळायची. बोलत काहीच नव्हत्या. पण हे बोलणं बंद असतं तसं नव्हतं. हे काम चालू असतं तसं होतं. एकीने हात पुढे केला की दुसरीने त्यात पाहिजे ते ठेवलेलं असायचं, मागायच्या आधी. मला त्यांचा बाप आठवला, पण वाईट वाटलं नाही, आज पहिल्यांदाच वाटलं नाही.

पहिला खण ठेवला. सरकवला. कट्ट. मग दुसरं कट्ट, दुसऱ्या क्लिपचं.

"आजी, ढकल," दोघी एकदम म्हणाल्या.

मी एका बोटाने ढकलला. गेला, गेला, आणि शेवटाला हळू झाला, जसं कुणी झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावतं तसं, आणि मिटला. आवाजच नाही. मी परत उघडला. परत ढकलला. चारी खण असे किती वेळा केले ते विचारू नका.

पट्ट्या आता कुणाला दिसणार नाहीत. कपाट उलटं केलं तरच दिसतील आणि उलटं कोण करतंय.

खणांना पुढच्या फळ्या लावायच्या राहिल्यात, शोभेच्या. धाकटी म्हणाली, "मोठ्या फळीतून चारी सलग कापल्या तर रेघा जुळतील वरून खालपर्यंत. पण माझ्याकडे नाही जमणार." आणि जरा चाचरत म्हणाली, "मोठी करवत आहे तोपर्यंत कापून घेऊ या का?"

थोरली स्क्रू डबीत भरत होती. वर न बघता म्हणाली, "आहे तोपर्यंत म्हणजे काय? ती कुठे चाललीय?"

थोरलीने डबीचं झाकण लावलं, बाहेरच्या ओट्यावर गेली आणि फोन लावला. मला अर्धंच ऐकू आलं. "नाही, किमतीचं काही नाही... नाही, विकायचीच नाही... हो, पडदे शिवून झाले असतील तर न्या, त्याचा याच्याशी काय संबंध." आत आली तेव्हा कान लाल झाले होते. धाकटी म्हणाली, "माझी हत्यारं फार आहेत आता. दुकानात मावणार नाहीत." थोरली म्हणाली, "माझी चार टेबलं आहेत. एक हलवू." झालं. एवढंच.

जाताना थोरली माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, लांबच्या कारागिराला सांग, काम छान झालंय." मी हळूच म्हटलं, "सांगते." मग धाकटी दुसऱ्या कानाशी आली, "बाजाराला निरोप दे, पुढची पेटी आकड्याप्रमाणे करा. मीही तसंच करीन." म्हटलं, "देते."

शेवटपर्यंत एकीलाही पत्ता लागला नाही! मी सूनबाईला म्हटलं, "बघितलंस? गुपित ठेवायचं म्हणजे असं." तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "हो आई, कुणाला काही कळलं नाही." तिने मला आजपर्यंत असा हात कधी धरला नव्हता.


२४ तारीख, सोमवार

सकाळी सगळ्यांत आधी शिंपीणबाई. तिला सगळे खण उघडून मिटवून दाखवले. ती म्हणाली, "माझ्या मुलीकडच्यांपेक्षा हळू मिटतात." म्हणजे जळली असणार. पडदेवालीचा नवरा कालपासून तोंड पाडून बसलाय म्हणे. त्याला दुसरी करवत मिळेल. जगात करवतींचा काय तुटवडा.

वरच्या खणात चष्मा, गोळ्या आणि ही वही. दुसऱ्यात खोळी. तिसरा रिकामा ठेवलाय, काहीतरी ठेवायला होईलच. चौथ्यात सूनबाईने न सांगता आपले दोन रुमाल ठेवलेत. असू देत.

दुपारी दुकानातून फोन आला. मागे करवत चालू होती, मला थोरली काय म्हणतेय ते धड ऐकूच येईना. मग धाकटीने फोन घेतला आणि ओरडून सांगितलं, फळ्या लावायला येतोय. शुक्रवारी. सकाळी दहाच्या आत. दोघी.